शेवटचे पाहिले

आधी माफी मागतो. लिहिण्याचा अधिकार भरपूर वाचलेल्या माणसाला असतो, आणि मी जे वाचलं ते बहुतेक परीक्षेपुरतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. वडील सही करतात, आई तीही करत नाही. आपल्या जगण्यातलं काही आपण लिहावं आणि ते दुसऱ्या कुणी वाचावं, हे मला अजून अंगावर दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं वाटतं. पण आमच्या सरांनी कामाचा अहवाल मागितला होता, आणि मी त्यात लिहिलं होतं, 'वस्तीतील ज्येष्ठ नागरिकांना इंटरनेटच्या वापरास प्रोत्साहन दिले.' सर छान म्हणाले. वाक्य खोटं नव्हतं. तरी ते परत वाचलं तेव्हा मला स्वतःलाच त्यातून कुणाचा चेहरा आठवेना. म्हणून जे आठवतं ते इथे लिहून ठेवतो. काही चुकलं तर लहान समजून सांभाळून घ्या.

मी लातूरला शिकतो. गाव नांदेड जिल्ह्यात, नायगाव तालुक्यात. सकाळी कॉलेज, दुपारी एका झेरॉक्सच्या दुकानात काम, असा माझा दिवस असतो. सेवा योजनेत नाव घातलं ते खरं सांगायचं तर वाढीव गुणांसाठी. सरांनी प्रत्येकाला एक वस्ती वाटून दिली आणि माझ्या खोलीजवळची वस्ती माझ्याकडे आली. तिथल्या विहारात संध्याकाळच्या वंदनेआधी थोडा वेळ जागा रिकामी असायची. समितीच्या लोकांनी हरकत घेतली नाही. फक्त एवढंच म्हणाले, "चटया झटकून ठेवत जा."

पहिल्या दिवशी विहार भरला. मला फार आनंद झाला. नंतर कळलं की कुणीतरी वस्तीत सांगितलं होतं, कॉलेजचं पोरगं आलंय, नवी योजना आहे. एका आजोबांनी विचारलं, "अनुदान कवा सुटणार?" मी म्हटलं, अनुदान नाही आजोबा, फोन शिकवणार आहे, इंटरनेट. ते उठले, चप्पल घातली आणि जाता जाता म्हणाले, "ते तर नातवानं लई शिकलंय, अभ्यास सोडून." पुढच्या आठवड्यापर्यंत मोजकेच लोक राहिले.

राहिलेल्यांपैकी दोघांबद्दल सांगतो. एक कंडक्टर काका. औशाच्या गाडीवर नोकरी करून निवृत्त झालेले. मला ते पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणायचे, आणि त्यात मान किती आणि थट्टा किती हे मला कधी कळलं नाही. त्यांना सगळं आधीच येत होतं, निदान त्यांना तसं वाटायचं. रोज सकाळी वस्तीतल्या प्रत्येकाला फुलांचं चित्र पाठवायचे. शिकायला ते येतच नव्हते. दुसरे कसे चुकतात ते बघायला यायचे.

दुसऱ्या आत्या. वय सत्तरीच्या पुढे असावं, त्यांना स्वतःलाही नक्की ठाऊक नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता मुलगा पुण्याला कंपनीत, सणावाराला येणारा. पहिल्या दिवशी मी गावाचं नाव सांगितलं तेव्हा त्या मागच्या चटईवरून सरकत पुढे आल्या.

"नायगावकडचा हायस तू?"

"हो."

"आरं मग मपलं माहेर तिकडलंच की! तू तर भाचा झालास मपला." आणि बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या, "ह्याला कुणी तरास द्यायचा न्हाई. ह्यो माहेरचा माणूस हाय."

आमच्याकडे गावच्या लेकीला आत्याच म्हणतात. त्या दिवसापासून त्या माझ्या आत्या झाल्या आणि मी त्यांचा भाच्या.

आत्या कशासाठी येतात हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं. त्यांची धाकटी बहीण मुदखेडला दिलेली. दोघींचे गुडघे गेलेले. मधे नांदेड, गाड्या बदलणं, चढणं-उतरणं. आता काही जाणं-येणं होत नव्हतं. आधी फोनवर बोलायच्या. पण बहिणीला ऐकू येणं कमी होत गेलं आणि शेवटी फोनवरचं काहीच कळेनासं झालं. इकडून आत्या ओरडायच्या, तिकडून बहीण "आँ? आँ?" करायची आणि सून फोन काढून घ्यायची.

"समोर असली की तिला वठावरून कळतंय," आत्या म्हणाल्या. "तोंड दिसाया पायजे, बास. मला दुसरं कायबी नको. बँक नको, गाणी नको. तू तेवढं तोंड दाखव."

मी हो म्हटलं. तेव्हा ते फार सोपं वाटलं होतं.

सोपं नव्हतं. आत्यांचं बोट काचेला कळायचंच नाही. आयुष्यभर खुरपं धरलेलं, धुणी-भांडी केलेलं बोट. रेशनच्या दुकानातही मशीनवर त्यांचा अंगठा लागत नाही, तीन-चारदा पुसून लावावा लागतो. त्या बोट दाबून धरायच्या, दारावरची बेल दाबल्यासारखं, आणि फोन भलतंच काहीतरी उघडून बसायचा. मी सांगायचो, दाबू नका आत्या, नुसतं टेकवा. त्या इतकं हलकं टेकवायच्या की काही व्हायचंच नाही. मग बोट जिभेला लावून ओलं करायच्या. तेव्हा मात्र चालायचं.

"नेट लाव, नेट," कंडक्टर काका बाजूनं म्हणायचे. "नेटाला नेट लागतंय, आत्याबाई."

"तुमी गप बसा. तिकीट फाडा."

मी सगळ्यांचे फोन मराठीत करून दिले होते. सरांनी तसं सांगितलं नव्हतं, माझीच हौस. इंग्रजी पाहून माणूस आधीच घाबरतो, हे मला घरी आईवरून ठाऊक होतं. आत्या मागे कधीतरी प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकल्या होत्या आणि ती त्यांनी जपून ठेवली होती. त्या एकेक अक्षर सोडवून वाचत, ओठ हलवत. विहाराच्या भिंतीवरचं पंचशील, किराणा दुकानाची पाटी, औषधाची बाटली, दिसेल ते वाचत. फोन मराठीत झाल्यावर त्यावरचंही वाचायला लागल्या. 'स्वीकारा', 'नाकारा', 'पुन्हा प्रयत्न करा'. या शेवटच्याचा त्यांना राग होता. "किती येळा करायचा पुन्हा?"

त्या दिवसांत मी फार थकायचो. दुकानात दिवसभर मशीनचा उजेड डोळ्यांवर, मग इथे येऊन तेच ते. हिरवं बटण आत्या, लाल नाही. नाही, ते बंद झालं. आता परत पहिल्यापासून. काल सांगितलेलं आज पुसलेलं असायचं आणि मी आवाज चढू द्यायचा नाही म्हणून इतका हळू बोलायचो की काका विचारायचे, "मास्तर, बरं न्हाई का?" प्रोत्साहन हा शब्द आमच्या सरांच्या तोंडी फार असतो.

पहिला व्हिडिओ कॉल लागला त्या दिवशी विहारात सात-आठ बायका जमल्या होत्या. मुदखेडच्या सुनेनं फोन उचलला, हसली आणि "आई, घ्या" म्हणून फोन सासूच्या हातात दिला. पडदा हलला, छप्पर दिसलं, आणि मग सगळीकडे एक काळपट मांसल काहीतरी.

"हे काय हाय रं?" आत्या म्हणाल्या.

मी वाकून पाहिलं. बहिणीनं फोन कानाला लावला होता.

"कान आहे, आत्या."

"कान?" त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला. "व्हय की. तिचाच कान हाय. ते बघ, भोक ओघळलंय. कुडं काढून दिलं न्हवं लेकीला." आणि मोठ्यानं, "आगं ए! तोंड दाव, तोंड! कान काय दावालीस!"

बायका हसून लोळायच्या बाकी राहिल्या. तिकडे सुनेनं फोन कानापासून काढून समोर धरला, आणि मग ती दिसली. आत्यांसारखंच कपाळ, तसेच वर आलेले दात. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग बहीण म्हणाली, "म्हातारी झालीस की गं." आत्या ओठ मोठे मोठे हलवत म्हणाल्या, "तू-काय-नवरी-हायस-का?" तिला ते बरोबर कळलं.

त्यानंतर त्यांचं त्यांनीच बसवलं. रोज कॉल करायला दोन्हीकडे कुणीतरी लागायचं, म्हणून सुनेनं सासूला आपला जुना फोन दिला आणि आवाज रेकॉर्ड करून पाठवायला शिकवलं. बहिणीला ऐकू येत नव्हतं, पण बोलता येत होतं. आत्यांना ऐकू येत होतं, पण त्या काही बोलल्या तर तिकडे पोचत नव्हतं. तेव्हा बहीण आवाज पाठवायची आणि आत्या उत्तरादाखल फोटो. ती विचारायची, "आज काय केलंस?" आत्या भाकरीच्या ताटलीचा फोटो काढायच्या. ती विचारायची, "गुडघं कसं हायती?" आत्या पाय पसरून गुडघ्यांचा फोटो पाठवायच्या, तेलाची वाटी शेजारी ठेवून. एकदा तिनं विचारलं, "मपली आठवण येती का न्हाई?" आत्या दिवसभर फोन घेऊन हिंडल्या. मला विचारलं, "ह्याचा फोटू कसा काडावा रं भाच्या?" शेवटी त्यांनी स्वतःच्या तोंडाचा काढून पाठवला.

माझ्या वर्गाचं म्हणाल तर एवढंच काम धड झालं. बाकीचे हळूहळू यायचे बंद झाले. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण थोडं हलकंच वाटलं.

मग परीक्षेच्या आधीच्या दिवसांत एकदा मी विहारात गेलो, तर बाहेर चपलांची रास. वाटलं, कसला तरी कार्यक्रम आहे. कंडक्टर काका दारातच उभे होते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मास्तर, हळू जा आत. आत्याबाईची भैन गेली."

"कधी? कुणाचा फोन आला?"

"फोन न्हाई आला. फोनवर लिवून आलंय."

आत बायका पांढऱ्या साड्या नेसून बसल्या होत्या. मूर्तीसमोर मेणबत्ती लावलेली. आत्या मधे, भिंतीला टेकून. रडत नव्हत्या. चटईवर त्यांच्यासमोर फोन उताणा ठेवलेला होता, जणू त्याच्यातच कुणी आहे. मला पाहून त्यांनी नुसतं तिकडे बोट केलं.

"वाच तू. म्या तर वाचलं. चार-पाच दिसापासून तिचा आवाज न्हाई आला, म्हनून आज उघडून बघितलं तिच्या नावाखाली."

मी फोन उचलला. त्यांच्या बोटाला चालावा म्हणून ओला केलेला पडदा अजून दमट होता. निरोपांचं ते हिरवं अ‍ॅप उघडंच होतं. वर बहिणीचा छोटा फोटो, आणि नावाखाली बारीक अक्षरात 'शेवटचे पाहिले', आणि पुढे मागच्या आठवड्यातली तारीख.

मला आधी काही कळलंच नाही. मी हे शब्द दिवसातून किती वेळा पाहतो, पण वाचत कधीच नाही. आणि मग कळलं.

आमच्याकडे माणूस गेला की उचलण्याआधी तोंडावरचं कापड बाजूला करतात आणि म्हणतात, या, शेवटचं बघून घ्या. आत्यांनी एकेक अक्षर सोडवून वाचलं होतं. शेवटचे पाहिले. म्हणजे बघणाऱ्यांनी बघून घेतलं, तारखेसकट, आणि आपण इथे राहिलो.

"आत्या," मी म्हटलं, "हे तसं नाही. कुणी गेलं नाही."

मला वाटतं सगळ्यांना वाटलं, पोरगं समजूत घालतंय. मी समजावू लागलो. माणसानं हे अ‍ॅप शेवटचं कधी उघडून पाहिलं, ते फोन सांगतो. सगळ्यांच्याच नावाखाली येतं. मी आत्यांच्या फोनवरच कंडक्टर काकांचं नाव उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "शेवटचे पाहिले, आज."

दारातून काका म्हणाले, "म्हंजे? मला बी काडलं का ह्यानं?"

"काका, सगळ्यांना येतं."

"आरं मी हितं हुबा हाय की जित्ता!"

एका बाईला हसू फुटलं. तिनं पदर तोंडाला लावला, पण मग दुसरीला आलं, तिसरीला. एक म्हातारी म्हणाली, "कंडक्टर गेले तर फुलं कोन पाठवणार?" आणि सगळ्या पांढऱ्या साड्या हलायला लागल्या. काका खरंच रागावले होते. मला म्हणाले, "मास्तर, इंग्रजीच बरं होतं. कळत नव्हतं तर कुणी मरत तरी नव्हतं."

आत्या हसल्या नाहीत. सगळं हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "मग ती कुटं हाय?"

प्रश्न बरोबर होता. कारण तारीख खरी होती. रोज दोनदा-तीनदा आवाज पाठवणाऱ्या बाईनं इतक्या दिवसांत फोन उघडलाच नव्हता. मी तिथूनच सुनेचा नंबर लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला, परत तेच. आत्यांच्या मुलाला पुण्याला फोन केला. तो म्हणाला मीही बघतो, आणि थोड्या वेळानं त्याचा फोन आला, लागत नाही म्हणून.

पुढचे काही दिवस मी रोज लावत होतो. आत्या रोज फोटो पाठवत होत्या. भाकरीचा, गुडघ्यांचा, दाराबाहेरच्या लिंबाचा. तिकडे काही उघडलं जात नव्हतं. फोटोखालच्या खुणा करड्याच राहायच्या आणि आत्या मला विचारायच्या, "निळ्या कवा व्हतील?" मीच त्यांना शिकवलं होतं, निळ्या झाल्या की बघितलं असं समजायचं.

परीक्षा झाली. मी घरी निघणार होतो. आत्या म्हणाल्या, "भाच्या, तुला वाकडं पडतंय ठाव हाय मला. पर मुदखेडला जाऊन येशील का? तूच हायस तिकडला." शेंगदाण्याची चटणी कुटून बांधून दिली, बहिणीसाठी. मी म्हटलं, जातो, आणि काय असेल ते लगेच कळवतो.

लातूरहून नांदेड, सगळा रस्ता उभ्यानं. नांदेडहून पॅसेंजरनं मुदखेड. स्टेशनातून बाहेर पडून विचारत विचारत घर सापडलं, तर दाराला कुलूप. ओसरीवर वाळत घातलेली तूर तशीच पसरलेली होती आणि चिमण्या त्यात बसलेल्या. शेजारची बाई भांडी घासता घासता उठून आली.

"कोन पायजे?"

"आजी... म्हणजे इथल्या आजी. मी त्यांच्या बहिणीकडून आलोय, लातूरहून."

तिनं हात पदराला पुसले. "तिला नांदेडला नेलंय दवाखान्यात. सकाळी उठली आन् पडलीच. उचलून गाडीत घातली. तवापासून कुणी आलं न्हाई बघा."

"कुठला दवाखाना?"

"काय की बाबा. पोरगं, सून, समदेच तिकडं हायत. फोन बी लागंना."

"जिवंत आहेत ना?" असं मी विचारलं. विचारायला नको होतं. ती म्हणाली, "असंल की."

चटणीचं पुडकं तिच्याकडेच ठेवलं. परत नांदेडला आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. एवढ्या दवाखान्यांत कुठे शोधायचं? आणि सापडल्या तर मी कोण म्हणून आत जायचं? दोन ठिकाणी विचारलं, तिथे नव्हत्या. नाव-गाव सांगून रांगेत उभं राहण्याचंही त्राण नव्हतं. नायगावची गाडी लागली होती, त्यात बसलो.

गाडीत फोन हातात घेऊन आत्यांना काय सांगायचं ते मी जुळवत होतो. दवाखान्यात आहे, एवढंच? कुठे, कशानं, कशी आहे, हे विचारतील. आणि इतक्या दिवसांत काय झालं असेल ते मला माहीत नव्हतं. एकट्या बाईला फोनवर अर्धवट सांगून मोकळं व्हायला माझं मन धजावेना. लिहिलं, पुसलं. परत लिहिलं, पुसलं.

तेवढ्यात फोन वाजला. आत्यांचाच मेसेज. नुसता एक शब्द.

'हाय'

आत्यांनी टाइप केलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. मला गलबलून आलं. नवीन शिकलेले सगळे पहिला मेसेज हाच पाठवतात, छोटा असतो म्हणून. कंडक्टर काकांनी शिकवलं असणार. इकडे तिची बहीण कुठल्या खाटेवर आहे, आहे की नाही, मला ठाऊक नाही, आणि ही मला हाय करतेय. मी लिहिलं, 'जय भीम आत्या.' थोड्या वेळानं परत तेच आलं. 'हाय'. मला वाटलं, सराव चाललाय. मी अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि फोन खिशात घातला.

घरी गेल्यावर तूर काढायची चालली होती. आमच्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते. मी मुद्दाम तिकडे जात नव्हतो. आई म्हणाली, "कुणाला फोन करायचा न्हवं तुला?" मी म्हटलं, करतो. वडील माझ्याकडे दोनदा बघून गेले. कामात हात चालत होते ते बरं होतं.

सुट्टी संपवून लातूरला आलो तो सरळ आत्यांकडे गेलो. मुदखेडला काय पाहिलं ते तोंडानं सांगायचं आणि हवं तर मुलाला पुण्याहून बोलावून घ्यायचं, असं ठरवलं होतं. आत्या दारात बसून मेथी निवडत होत्या.

"आलास? लई वाळलास की. बस. पानी घे."

मी बसलो. म्हटलं, "आत्या, मी मुदखेडला गेलो होतो."

"ठाव हाय. शेजारणीनं चटणी पोचवली, सून सांगत व्हती."

"सून?" मी म्हटलं. "फोन लागला?"

आत्यांनी निवडायचं थांबवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी विसरलोय.

"आरं, तुला त्याच दिशी कळवलं की. दोनदा लिवलं. त्या कंडक्टरला बी न्हाई विचारलं, मपलं मीच एकेक अक्षर हुडकून लिवलं. तू मला आंगठा धाडलास. म्या म्हनलं, समजलं पोराला."

"काय लिहिलं होतं?"

"हाय म्हनून."

मी तांब्या खाली ठेवला.

"सुनेनं फोन लावला दवाखान्यातून," त्या म्हणाल्या. "मला म्हातारीला धसका बसंल म्हनून आदी कळवलंच न्हवतं त्यांनी, फोन बी बंदच ठिवला व्हता. लकवा मारलाय तिला, उजवी बाजू. आता घरी आनलंय. बोलनं गेलंय, तोंडातून आवाजच निगंना. पर फोटू दावला की बघती, आन् डावा हात हालवती म्हनं."